सात बेटांच्या गोष्टीतून सुटलेली साष्टी

दक्षिण मुंबईत रिक्षा मिळत नाही, ती माहीम आणि शीवच्या अलीकडे थांबते, हे मुंबईत नव्याने आलेल्या माणसाला पहिल्या दोन दिवसांतच कळतं. का थांबते, हे मात्र जन्माने मुंबईकर असलेल्यांनाही सांगता येत नाही. विजेच्या बिलाचंही तसंच. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत वीज बेस्टची. खाडी ओलांडली की बहुतेक घरांत अदानीचं बिल येतं. त्याआधी ते रिलायन्सचं यायचं आणि त्याहीआधी १९२९ साली निघालेल्या बीएसईएसचं. भांडुप-मुलुंडला आणखी वेगळा प्रकार, तिथे महावितरण. जमिनीचे कागद पाहा: शहरात कॅडेस्ट्रल सर्व्हे नंबर, उपनगरात सीटीएस नंबर. गाडीची पाटी पाहा: एमएच ०१ शहराची, ०२, ०३ आणि ४७ उपनगरांची.

एवढ्या सगळ्या रेघा एकाच जागी येऊन थांबतात, कारण तिथे एक बेट संपतं आणि दुसरं सुरू होतं. माहीमच्या खाडीच्या दक्षिणेला मुंबई बेट, उत्तरेला साष्टी. शाळेत आपण सात बेटांची मुंबई शिकतो: कुलाबा, छोटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. ही सातही बेटं जोडून जे शहर झालं ते जेमतेम ६८ चौरस किलोमीटरचं. बृहन्मुंबई महापालिकेची हद्द ४३७ चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. उरलेली सगळी जमीन साष्टीची. २०११ च्या जनगणनेत शहर जिल्ह्यात ३१ लाखांच्या आत माणसं होती आणि उपनगर जिल्ह्यात ९३ लाखांवर. म्हणजे चारांपैकी तीन मुंबईकर ज्या बेटावर राहतात, ते मुंबईच्या उत्पत्तीच्या गोष्टीत येतच नाही.

ही चूक फक्त पाठ्यपुस्तकाची असती तर तिच्यावर लेख लिहिण्याचं कारण नव्हतं. पण ज्या बेटाला स्वतःची गोष्ट नाही त्याला स्वतःचं सरकारही राहिलेलं नाही. एकेकाळी होतं. १८७६ साली वांद्र्याला नगरपालिका झाली. साष्टीच्याच दुसऱ्या टोकाला ठाण्याची नगरपालिका तर १८६३ सालची. पुढे कुर्ला, घाटकोपर-किरोळ, पार्ले-अंधेरी अशा नगरपालिका झाल्या. १५ एप्रिल १९५० रोजी मुंबई महापालिकेची हद्द पश्चिमेला जोगेश्वरी आणि पूर्वेला भांडुपपर्यंत सरकवण्यात आली, आणि या नगरपालिका एका दिवसात संपल्या. १ फेब्रुवारी १९५७ रोजी हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. ठाणे तेवढं सुटलं. हे विलीनीकरण त्या वेळी गरजेचं होतं, पण त्याचा दुसरा अर्धा भाग करायचा राहून गेला, आणि तो आता तरी करायला हवा, असं माझं म्हणणं आहे.

आधी बेट नीट पाहू. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची, दक्षिणेला माहीमची, पश्चिमेला समुद्र. मधोमध डोंगर, त्यांच्या कुशीत कान्हेरीची लेणी, आणि डोंगरातून चहूबाजूंनी उतरणारं पाणी. विहार आणि पवईच्या ओसंडण्यातून निघालेली मिठी दक्षिणेला माहीमच्या खाडीत जाते. दहिसर, पोयसर आणि ओशिवरा या नद्या पश्चिमेला धावतात. पूर्वेकडचं पाणी ओढ्या-नाल्यांनी ठाण्याच्या खाडीत उतरतं. कडेने खाजणं आणि मिठागरं. साष्टी हेसुद्धा एकसंध बेट नव्हतंच. तुर्भ्याचं (ट्रॉम्बेचं) बेट वेगळं होतं, जुहू भरतीला सुटं व्हायचं, मढ आणि उत्तन-गोराईच्या पट्ट्याची तीच तऱ्हा. मुंबई बेटावर समुद्र हटवून जमीन काढावी लागली. साष्टीवर जमीन होतीच, फक्त ती कुठे कोरडी आणि कुठे ओली हे ठाऊक असावं लागायचं. ते तिथल्या कोळ्यांना, आगऱ्यांना, कुणब्यांना आणि वारल्यांना ठाऊक होतं. गावं उंचवट्यावर वसली, भात सखल जमिनीत गेलं, आणि सगळ्यात खालची खाजणं भरतीच्या पाण्यासाठी मोकळी राहिली. आजची गावठाणं पाहिली तरी हा उंचवटा जाणवतो. शेजारचं पन्नास वर्षांपूर्वीचं संकुल पाण्यात असतं आणि गावठाणाची गल्ली कोरडी असते.

साष्टी म्हणजे सहासष्ट गावं, अशी व्युत्पत्ती सांगतात. गोव्यात मडगावच्या बाजूलाही एक साष्टी आहे, तिची हकीकत वेगळी. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसईच्या तहात वसई आणि तिच्या ताब्यातला हा मुलूख पोर्तुगीजांना दिला. १६६१ मध्ये मुंबई बेट आंदण म्हणून इंग्रजांकडे गेलं, साष्टी नाही गेली. इंग्रज त्यावर हुज्जत घालत राहिले. पोर्तुगीजांनी खाडीच्या पलीकडे, वांद्र्याच्या टोकाला, किल्ला राखून ठेवला. मग मराठे आले. १७३७ मध्ये ठाणं पडलं, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, आणि मुंबईकर इंग्रजांना खाडीपल्याड शेजारी म्हणून मराठे लाभले. १७७४ च्या डिसेंबरात पुण्यातल्या भाऊबंदकीचा मोका साधून इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. म्हणजे मुंबई इंग्रजांची झाल्यावर साष्टी त्यांच्याकडे जायला शंभराहून अधिक वर्षं गेली. मधल्या काळात खाडीच्या दोन्ही काठांवर वेगळा महसूल होता आणि वेगळी जमीनधारा. साष्टीवरची गावंच्या गावं पुढे कंपनीने बड्या व्यापाऱ्यांना इनाम-खोतीने, म्हणजे गावाच्या महसुलाच्या हक्कासह, दिली. ती मोडून काढायला १९५१ साली साष्टी इस्टेटींसाठी वेगळा कायदा करावा लागला. शहरातल्या जमिनीचा इतिहास भाड्याचा आणि भरणीचा आहे, साष्टीतल्या जमिनीचा खोतीचा. उपनगरातल्या कितीतरी वस्त्यांचे जमिनीचे खटले आजही त्या खोतीपर्यंत जाऊन पोचतात.

मुंबई आणि साष्टी जोडण्याचं श्रेय नेहमी पुलांना दिलं जातं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला गव्हर्नर जोनाथन डंकनच्या कारकिर्दीत शीवचा बांध झाला. १८४५ मध्ये माहीमचा बांध झाला. सरकारने हात आखडता घेतल्यावर आवाबाई जमशेटजी जीजीभाय यांनी त्यासाठी १ लाख ५७ हजार रुपये दिले. १८५३ मध्ये बोरीबंदर-ठाणे गाडी सुटली, १८६७ मध्ये पश्चिमेची गाडी. हे सगळं खरं. पण मला वाटतं, मुंबई साष्टीवर खऱ्या अर्थाने आली ती पाण्यासाठी. मुंबई बेटाच्या विहिरी आणि तळी पुरेनात तेव्हा १८६० मध्ये विहारचा तलाव झाला. गावांची जमीन त्यात गेली, पाणी नळाने शहरात गेलं. १८७९ मध्ये तुळशी झाला. १८६० चं दशक सरता सरता शहराचा कत्तलखाना वांद्र्याला आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहराचा कचरा रेल्वेच्या वाघिणींतून चेंबूरकडे जाऊ लागला, आणि १९२७ पासून तो देवनारला पडतो आहे. कत्तलखानाही १९७० च्या दशकारंभी देवनारलाच गेला. महापालिकेची हद्द माहीमला संपत होती, गरज माहीमला संपत नव्हती. चांगलं पाणी तिथून आणायचं, घाण तिथे न्यायची, आणि तिथल्या माणसाला त्यावर मत नाही, कारण तो हद्दीबाहेरचा. साष्टीचं शहराशी असलेलं नातं या पन्नास-साठ वर्षांत ठरलं, आणि मला शंका आहे की १९५० मध्ये हद्द बदलली तरी ते नातं फारसं बदललं नाही.

आता त्या नगरपालिकांविषयी. त्यांच्याबद्दल हळहळणारी मंडळी हल्ली पुष्कळ भेटतात, आणि त्यांच्या हळहळीत बहुधा वांद्र्याचे लाकडी जिन्यांचे बंगले असतात. मला त्या बंगल्यांची हळहळ नाही. त्या नगरपालिका पैसेवाल्या करदात्यांच्या होत्या. मतदान मालमत्तेवर आणि करावर ठरायचं. दांड्याच्या कोळ्याला किंवा डोंगरातल्या वारल्याला त्यात आवाज किती असणार? पैसा तुटपुंजा होता, सरकारी मंजुरीशिवाय पान हलत नव्हतं. तरीही त्यांनी जे केलं ते विसरण्यासारखं नाही. १८९६ च्या प्लेगनंतर लोक शहर सोडून खाडीपलीकडे येऊ लागले, तेव्हा ती वाढ अंगावर घ्यावी लागली ती याच लहान संस्थांना. १९१५ च्या नगररचना कायद्याखाली ज्या पहिल्या योजना झाल्या, त्यांत वांद्र्याची होती. आज खारमध्ये नंबरांचे रस्ते आहेत, आखीव प्लॉट आहेत, मध्येच एखादं मैदान आहे. ते आभाळातून पडलेलं नाही. शेतांचे वेडेवाकडे तुकडे एकत्र करायचे, रस्ता आणि मोकळी जागा काढायची, आणि उरलेली जमीन मालकांना परत आखून द्यायची, असं ते किचकट काम होतं. प्रत्येक मालकाशी वाद घालत बसावं लागणारं काम. अशी कामं गावातली माणसं ओळखणाऱ्या कार्यालयाकडूनच होतात. १९५० नंतर साष्टीवर याहून कितीतरी पट जमीन बांधली गेली. त्यातली किती अशी आखीव निघाली, हे मालाड-मालवणी किंवा साकीनाक्याला एक फेरी मारून ज्याने त्याने ठरवावं.

कुर्ल्याचा प्रकार निराळा. तिथे गिरणी होती (१८८६ मध्ये टाटांनी कुर्ल्याची धरमसी मिल घेऊन तिची स्वदेशी मिल केली), कामगारवस्ती होती, दलदल होती. पार्ल्याचा आणखी निराळा: १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ, १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहाची छावणी. घाटकोपरला गुजराती व्यापाऱ्यांची वस्ती. प्रत्येक ठिकाणाला आपापला सार्वजनिक जीव होता, आणि त्या जिवाला टेकायला एक नगरपालिकेची इमारत होती. दिवा लागला नाही, गटार तुंबलं, तर माणूस चालत जाऊन ज्याच्याशी भांडेल तो माणूस तिथे बसलेला असायचा.

मग त्या मोडल्या का? कारण मोठी कामं त्यांच्या आवाक्यात नव्हती, हे सरळ उत्तर आहे आणि ते बरोबर आहे. १९४८ मध्ये एन. व्ही. मोडक आणि अल्बर्ट मेयर यांनी बृहन्मुंबईच्या नियोजनाचा आराखडा मांडला, तेव्हा फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे येत होते, उपनगरं महिन्या-महिन्याला फुगत होती. वैतरणेवरचं धरण, ज्याला आपण मोडकसागर म्हणतो, १९५७ मध्ये पुरं झालं. अशी धरणं, शंभर किलोमीटरचे जलवाहिन्यांचे मार्ग, बेस्टच्या गाड्या, मोठी रुग्णालयं हे वांद्रे किंवा घाटकोपर नगरपालिकेला कधीच पेललं नसतं. आज साष्टीवरच्या झोपडीलाही जे थोडंफार पाणी मिळतं ते या एकत्र येण्यामुळे. भिवंडी आणि उल्हासनगरच्या पाण्याची रड ज्यांना माहीत आहे, त्यांना मोठ्या महापालिकेची किंमत वेगळी सांगायला नको. म्हणून, नगरपालिका बुडवल्याच कशाला, असं मी विचारत नाही.

विचारायचं ते हे की गटार, गल्ली, मंडई, मैदान आणि गावठाण यांचा कारभार धरणाच्या कारभाराबरोबर बोरीबंदरला, महापालिकेच्या मुख्यालयात, कशासाठी गेला. विलीनीकरण करताना मुंबई शहरासाठी १८८८ साली केलेला कायदा तसाच उचलून साष्टीवर पसरण्यात आला. त्या कायद्यात अंमलबजावणीची सत्ता आयुक्ताकडे आहे, आणि आयुक्त राज्य सरकार नेमतं. फिरोजशहा मेहतांच्या काळातल्या लहानशा, दाट, रस्त्यांनी बांधलेल्या बेटासाठी ती रचना चालली. सहापट मोठ्या हद्दीत, जिथे नद्या, जंगल, पाडे, खाजणं आणि मिठागरं आहेत, तिथे तीच रचना कामाची कशी ठरेल?

आकडे मांडले की विसंगती उघडी पडते. महापालिकेत २२७ नगरसेवक. २०११ च्या लोकसंख्येने पाहिलं तर एकामागे ५५ हजार माणसं. राज्यात चाळीस हजारांच्या आतल्या गावाला 'क' वर्ग नगरपरिषद असते, तिला नगराध्यक्ष, वीसेक नगरसेवक, मुख्याधिकारी, स्वतःचं अंदाजपत्रक. कोल्हापूरला साडेपाच लाख लोकांवर महापौर आहे. मालाडच्या पी-उत्तर विभागात २०११ लाच नऊ लाखांवर माणसं होती. तो विभाग चालवायला होता एक सहाय्यक आयुक्त, नेमलेला, कधीही बदली होणारा, आणि मतदाराला कुठल्याही अर्थाने उत्तर न देणारा. पुढे त्या विभागाचे दोन भाग झाले, म्हणजे सहाय्यक आयुक्त दोन झाले. बस्स. आणि मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ निवडणूकच झाली नाही; प्रशासकाने अंदाजपत्रकं मांडली आणि प्रशासकानेच मंजूर केली. त्यातलं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४ हजार ४२७ कोटींचं होतं. वांद्रे नगरपालिकेच्या काळातल्या त्या मूठभर करदात्यांच्या हातात याहून जास्त लोकशाही होती, हे लिहिताना मला मजा वाटत नाही.

२६ जुलै २००५ आठवल्याशिवाय साष्टीवर बोलता येत नाही. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, कुलाब्याला ७४ च्या आसपास. एक महापालिका, दोन बेटं, आणि पावसात दहा-बारा पटींचा फरक. दक्षिणेत बसलेल्या यंत्रणेला दुपारी तीन वाजता खिडकीतून काय दिसत असेल? मिठीचा बळी गेला असं तेव्हा म्हटलं गेलं, पण नदीची ती अवस्था कशी झाली हे पाहिलं की एकेक अधिकृत निर्णय पुढे येतो. विमानतळाच्या धावपट्टीखालून नदी वळवून मोरीत घातलेली. मुखाशी वांद्रे-कुर्ला संकुल खाजणावर भरणी करून उभं. वरचा टप्पा महापालिकेकडे, खालचे सुमारे सहा किलोमीटर एमएमआरडीएकडे (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), मधला विमानतळाचा. शिवाय काठावर गोदामं, तबेले, झोपड्या, त्यांचं राजकारण वेगळं. पावसाळी गटारांसाठीचा ब्रिमस्टोवॅड अहवाल १९९३ पासून पडून होता. पुरानंतर मिठीसाठी प्राधिकरण निघालं, समित्या झाल्या, भिंती बांधल्या, गाळ काढण्याची कंत्राटं दरवर्षी निघतात आणि दरवर्षी त्यांच्याविषयी बातम्या येतात. पण विहारपासून माहीमपर्यंतच्या सगळ्या मतदारांना एकत्र जबाबदार असलेलं एकही सभागृह आजतागायत निघालेलं नाही. नदी ज्या प्रभागांतून जाते तिथले नगरसेवक आपापल्या तुकड्यापुरते. दहिसर, पोयसर, ओशिवरा यांची नावंही पूर आल्याशिवाय छापून येत नाहीत. बोरिवलीतल्या काही लोकांनी मोर्चे काढून दहिसर नदी लोकांच्या नजरेत आणली, हे त्यांचं कर्तृत्व; त्यासाठी रस्त्यावर यावं लागलं, हे व्यवस्थेचं.

इथे पहिला आक्षेप येणार हे मला माहीत आहे, आणि तो साधा नाही. महापालिकेचे तुकडे करण्याची भाषा निघाली की मराठी माणूस सावध होतो. १०६ हुतात्म्यांनंतर मिळालेली मुंबई आहे, तिच्या नकाशावर कुणी पट्टी-पेन्सिल घेऊन बसला की संशय येणं स्वाभाविक आहे. शहर वेगळं काढायचं, मग ते केंद्राच्या हाती द्यायचं, असा डाव त्यामागे असू शकतो, ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. म्हणूनच महापालिका तोडा असं मी म्हणत नाही. तोडून काय होतं ते दिल्लीने दाखवलं. २०१२ मध्ये तिथल्या महापालिकेचे तीन भाग झाले. दक्षिणेच्या वाट्याला पैसेवाल्या वसाहती आल्या, पूर्वेच्या वाट्याला गरिबी, आणि सफाई कामगारांच्या पगारासाठी संपावर संप झाले. २०२२ मध्ये ते तीनही भाग पुन्हा एकत्र करण्यात आले. मुंबईत तसं केलं तर मानखुर्द-गोवंडीच्या वाट्याला देवनारचा डोंगर येईल आणि कफ परेडच्या वाट्याला कर. बंगळूरूने २०२५ मध्ये पाच महापालिका केल्या आहेत, त्यांचं काय होतं ते पाहायला वेळ लागेल.

मला हवी आहे दुसरी पायरी. वर महापालिका एकच: पाणी, मोठे नाले, मोठी रुग्णालयं, अग्निशमन, कचऱ्याची अंतिम विल्हेवाट, विकास आराखडा आणि तिजोरीचा मोठा भाग तिच्याकडे. खाली निवडून आलेल्या विभागीय परिषदा, आणि त्यांच्या हद्दी पाणलोटाने, म्हणजे कुठलं पाणी कुठल्या नदीत किंवा खाडीत उतरतं त्यावरून, आखलेल्या. मिठीच्या पाणलोटाची एक. दहिसर-पोयसरची एक. ओशिवऱ्यापासून जुहूच्या किनाऱ्यापर्यंतची एक. ठाण्याच्या खाडीकडे उतरणारी भांडुप-मुलुंड-विक्रोळीची एक. चेंबूर-तुर्भे-मानखुर्दची एक. शहर बेटालाही हवी असेल तर त्याचीही करा, माझी ना नाही. लहान रस्ते, गल्लीतली गटारं, मंडया, मैदानं, दवाखाने, फेरीवाले, गावठाणांचे आणि कोळीवाड्यांचे बांधकामाचे नियम ही कामं त्यांची. आपल्या हद्दीतून जाणाऱ्या नदीच्या काठावर काही बांधायचं असेल तर त्यांची संमती बंधनकारक, मग बांधणारा एमएमआरडीए असो की आणखी कोणी. १ जुलै २०१७ ला जकात गेल्यापासून महापालिकेचा हक्काचा स्थानिक कर म्हणजे मालमत्ता कर. त्याचा ठरलेला हिस्सा या परिषदांना मिळावा, आणि तो लोकसंख्येनुसार मिळावा, वसुलीनुसार नाही. वसुलीनुसार दिला तर जुहू आणखी चकचकीत होईल आणि गोवंडी आहे तिथे राहील. दिल्लीने केलेली चूक टाळायची ती इथे.

पाणलोटानेच हद्द का? आजचे विभाग रेल्वेच्या रुळांनी तोडलेले आहेत: पूर्व आणि पश्चिम. पाणी रूळ पाहून थांबत नाही. डोंगरावरून निघालेलं पाणी आधी पूर्वेच्या वस्तीतून येतं, रुळांखालच्या मोऱ्यांतून पश्चिमेला जातं आणि मग समुद्राला मिळतं. पूर्वेच्या विभाग अधिकाऱ्याने नाला साफ केला आणि पश्चिमेच्या अधिकाऱ्याने केला नाही, तर काय होतं ते मालाडच्या भुयारी मार्गात दरवर्षी दिसतं. हद्दी पाणलोटाने आखल्या की भांडण एका सभागृहाच्या आत येईल. ते मिटेलच असं नाही, पण निदान ते कुठे भांडायचं हे ठरेल. गावठाणं अशीच डोंगर आणि खाडी यांच्यामध्ये पाणी बघून वसलेली आहेत, त्यामुळे ही आखणी जुन्या साष्टीच्या नकाशाशीही जुळते.

दुसरा आक्षेप असा की आणखी निवडणुका म्हणजे आणखी टक्केवारी. प्रभाग समित्या आहेतच, त्यांनी काय दिवे लावले? आक्षेपात तथ्य आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या आणल्या, आपण त्या कागदावर केल्या. तिथे तेच नगरसेवक बसतात, मंजुरीची मर्यादा मामुली, स्वतःचा पैसा नाही, स्वतःचे कर्मचारी नाहीत. हात बांधून पाण्यात सोडलेला माणूस पोहत नाही म्हणून त्याला पोहता येतच नाही असा निष्कर्ष काढण्यासारखं हे आहे. टक्केवारीचं म्हणाल, तर ती सध्याच्या केंद्रित कारभारात नाही असं कोणी छातीठोक सांगेल का? फरक इतकाच की गल्लीच्या कामातली लबाडी गल्लीला दिसते. खाडीपलीकडे वसईचं उदाहरण आहे. २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि ५३ ग्रामपंचायती मिळून वसई-विरार महापालिका झाली, आणि आपली गावं तिच्यातून वगळा म्हणून वसईच्या पश्चिम पट्ट्यातले लोक वर्षानुवर्षं लढत राहिले. त्या लोकांना महापालिकेचे रस्ते नको होते असं नाही. विहिरी, बावखलं (गोड्या पाण्याची तळी) आणि वाड्या यांच्याबद्दलचा निर्णय हातातून जाऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं. साष्टीवरच्या गावांना १९५० मध्ये हे म्हणायची संधीच मिळाली नाही.

राहता राहिलं ठाणं आणि मीरा-भाईंदर. साष्टी बेट आज तीन महापालिकांत वाटलेलं आहे: मुंबई, १९८२ पासून ठाणे, २००२ पासून मीरा-भाईंदर. बेटाच्या मध्यावरचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान शंभर चौरस किलोमीटरहून मोठं, त्याची एक बाजू ठाण्याकडे आणि एक बोरिवलीकडे. बिबट्याला हद्द कळत नाही हे आपण कौतुकाने लिहितो, पण उद्यानाखालून ठाणे-बोरिवली जुळा बोगदा खोदायचा निर्णय होतो तेव्हा हद्द कोणालाच कळली नाही तरी चालतं, कारण तो निर्णय तिन्ही महापालिकांच्या वरून झालेला असतो. बोगदा चांगला की वाईट हा वेगळा वाद आहे. पण डोंगराच्या दोन्ही बाजूंना राहणाऱ्या लोकांनी निवडलेलं एकही सभागृह त्यावर मतदान करत नाही, याची सवय आपल्याला कशी काय झाली, हे मला अजून उमगलेलं नाही. वर मांडलेल्या परिषदा झाल्या, तर दहिसर आणि मुलुंडकडच्या परिषदांना ठाणे आणि मीरा-भाईंदरबरोबर डोंगरासाठी संयुक्त समिती करण्याचा हक्क असला पाहिजे. नुसता सल्ल्याचा नाही, अडवण्याचा.

यासाठी संविधानाला हात लावावा लागत नाही. २४३-एस कलम आहेच. प्रभाग समित्यांची रचना, हद्द, अधिकार आणि पैसा ठरवणं त्याने राज्याच्या विधिमंडळावर सोडलं आहे. १८८८ च्या कायद्यात दुरुस्ती करायची आहे, आणि ती मुंबईत, मराठीत बोलणाऱ्या सभागृहातच होणार आहे, त्यामुळे मुंबई तोडण्याचा संशयही उरत नाही. अडचण आहे ती अशी की यात नगरविकास खात्याचं वजन कमी होतं, आयुक्ताचं कमी होतं, एमएमआरडीएचं कमी होतं, आणि स्थायी समितीचंही. दुरुस्ती मांडायची ती याच मंडळींच्या सल्ल्याने मांडली जाते. त्यामुळे ती वरून येण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. मुंबईच्या हद्दीतल्या साष्टीवरून विधानसभेत जाणारे आमदार सव्वीस आहेत, शहरातून दहा. या सव्वीस जणांना मतदारसंघातल्या नाल्याबद्दल दर पावसाळ्यात प्रश्न विचारले जातात. त्या नाल्याच्या दोन्ही टोकांवर अधिकार असलेली सभा का नाही, हा प्रश्न त्यांना अजून कोणी विचारलेला नाही.